जहाजाचं राहू दे, आधी खोका मोज

सोलापूरहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय, तिने नाव छापू नका म्हटलंय म्हणून छापत नाही. पत्र लांब आहे, त्यातला कामाचा भाग असा:

"ताई, आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, सासऱ्यांनी उभं केलेलं. आतापर्यंत माल मुंबईच्या एका व्यापाऱ्याला द्यायचो, तो पुढे परदेशात पाठवायचा. आता पहिल्यांदाच मेलबर्नच्या एका बायरची थेट ऑर्डर आलीये, ७० बाय १४० सेंटिमीटरचे बाथ टॉवेल, ४५० जीएसएम (चौरस मीटरला ४५० ग्रॅम), ६,००० नग, जुलैअखेर माल निघायला हवा. तो म्हणतो दारापर्यंत सगळा खर्च धरून डीडीपी रेट द्या. आम्ही २४ नग एका बॉक्समध्ये भरतो, बॉक्स ६० बाय ४० बाय ४०. फॉरवर्डर (माल पाठवायची व्यवस्था करणारा एजंट) म्हणाला एकूण २४ सीबीएम (घनमीटर) होतंय, एलसीएलने (दुसऱ्यांच्या मालासोबत एका कंटेनरमध्ये) पाठवा, आणि भाडं इतकं कमी सांगितलं की मलाच संशय आला. ३० टक्के ॲडव्हान्स मिळालाय, बाकी बीएलची (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीची मालाची पावती) कॉपी पाठवल्यावर. सासरे म्हणतात पावसाळ्यात समुद्राने कापूस पाठवायचा नसतो, व्यापाऱ्यालाच दे. एलसीएल करू की फुल कंटेनर? आणि खरंच जहाजात माल भिजतो का?"

अगं, आधी अभिनंदन. पहिली थेट ऑर्डर म्हणजे काय असतं ते मला माहितीये, रात्री झोप लागत नाही आणि सकाळी उठून परत तोच ईमेल वाचायचा. मी बावीस वर्षं याच कामात काढली, आधी न्हावाशेव्याला एका सीएचएकडे (कस्टम्सचं काम करून देणारा एजंट) कागद रंगवले आणि मग भिवंडीच्या एका गारमेंट युनिटची शिपमेंट सांभाळली, तेव्हा जे सांगते ते बरंचसं स्वतःच्या चुकांतून आलेलं आहे.

तुझ्या पत्रात एलसीएल, फुल कंटेनर, भाडं, जहाज सगळं आहे पण ज्या गोष्टीवर हे सगळं ठरतं ती तू एका ओळीत उरकलीस. २४ नग एका बॉक्समध्ये. का २४? कारण व्यापाऱ्याला तसे द्यायचो, बरोबर ना? तो ट्रकने न्यायचा, त्याच्या गोडाऊनमध्ये परत पॅक करायचा, तुमच्या बॉक्सशी त्याला काही घेणं नव्हतं. आता तोच बॉक्स समुद्रावर जाणार आहे आणि समुद्रावर कपड्याचं वजन कुणी विचारत नाही, जागा विचारतात.

हिशेब मांडूया. तुझा एक टॉवेल भरतो साधारण ४४१ ग्रॅम, ६,००० नग म्हणजे २,६४६ किलो, खोके धरून तीन टनाच्या आत. एलसीएलमध्ये दर लावतात एक सीबीएम किंवा एक टन, यातलं जे जास्त होईल त्यावर. तुझा माल तीन टन पण जागा २४ सीबीएम, म्हणजे तू २४ चे पैसे भरणार. लोखंड पाठवणाऱ्याचं उलटं असतं, पण आपण कापडवाले कायम हवेचं भाडं भरतो. आता हाच टॉवेल नीट घडी घालून, हाताने दाबून हवा काढून त्याच बॉक्समध्ये ३६ बसतो. बसतो म्हणजे बसतोच, करून बघ, प्रेस मशीन वगैरे लागत नाही, चार बायका टेबलाशी उभ्या केल्या की होतं. २५० च्या जागी १६७ खोके. २४ सीबीएमच्या जागी १६. आठ सीबीएम हवा तू मेलबर्नला पाठवणार होतीस!

पण हावरटपणा करू नको हं. ३६ च्या जागी ४२ कोंबलेस तर टेरीचे लूप चपटे होतात, बायर पहिला टॉवेल उघडतो आणि त्याला वाटतं हा ४५० जीएसएम नाहीच. शिवाय खोका फुगतो. आणि फुगलेल्या खोक्याची गंमत अशी की सीएफएसमध्ये (बंदराजवळचं कंटेनर भरायचं गोदाम) जो माणूस टेप घेऊन मोजतो तो कडेला मोजत नाही, फुगवट्यावर मोजतो, आणि ते त्याचं बरोबरच आहे कारण कंटेनरमध्ये फुगवटाही जागा खातो. वरची बाजू नुसती चार सेंटिमीटर फुगली तरी तुझे १६ सीबीएम साडेसतराच्या वर जातात. म्हणून एक बॉक्स भर, टेप लाव, त्यावर दुसरे पाच बॉक्स रचून रात्रभर ठेव आणि सकाळी मोज, तो आकडा खरा. आणखी एक, ३६ नगांचा खोका साडेसतरा किलोच्या आसपास जाईल, बायरला आधी विचार चालेल का, काही ठिकाणी माणसाने उचलायच्या खोक्याला वजनाची मर्यादा असते आणि मग ३० वर यावं लागतं. रंगांची वाटणीही ३६ त बसायला हवी, एका खोक्यात एकच रंग असला तर तुझ्या पॅकिंग लिस्टचे निम्मे ताप जातात.

आता एलसीएल की फुल. २० फुटी डब्याचं आतलं माप साधारण ३३ सीबीएम, पण खोके भरून प्रत्यक्षात २६-२८ बसतात, कोपरे आणि वरची फट वाया जाते. साधारण १३-१५ सीबीएमच्या पुढे गेलं की फुल डबा परवडायला लागतो असा आमचा अंदाज असायचा, दर बदलत राहतात म्हणून दोन्ही कोटेशन माग, पण तुझ्या केसमध्ये मी डोळे झाकून २० फुटी डबा घेईन, १६ सीबीएम असले तरी. का ते सांगते.

त्या स्वस्त भाड्याचा तुला संशय आला ना, बरोबर आला. एलसीएलच्या धंद्यात बऱ्याच मार्गांवर इकडचं भाडं नावापुरतं असतं, कधी कधी तर फुकट, आणि वसुली होते तिकडे, माल उतरल्यावर, ज्याला माल सोडवायचाय त्याच्याकडून. डबा रिकामा करण्याचा चार्ज, सीएफएस, पोर्टचं हँडलिंग, डिलिव्हरी ऑर्डरची फी, आणि कसली कसली. तू सीआयएफ म्हणून (विमा आणि तिकडच्या बंदरापर्यंतचं भाडं किमतीत धरून) विकलेलं असतं, बायर समजतो सगळं भाडं तू भरलंस, आणि त्याच्या हातात अचानक हे बिल. तो फॉरवर्डरला शिव्या घालत नाही, तुला घालतो, आणि दुसरी ऑर्डर देत नाही. म्हणून एलसीएल असो की फुल, फॉरवर्डरला ईमेलवर विचार की मेलबर्नला कन्साइनीकडून (माल सोडवून घेणाऱ्याकडून) काय काय घेणार, आकड्यांसकट. फोनवर नको, ईमेलवरच. जो टाळाटाळ करेल त्याला रामराम.

दुसरं कारण वासाचं. टेरी टॉवेल पाणी पितो तसाच वासही पितो. एलसीएलच्या डब्यात तुझ्या खोक्यांच्या शेजारी काय येणार ते तुझ्या हातात नाही, मसाले असतील, अगरबत्ती असेल, चामडं असेल. महिनाभर बंद डब्यात त्याच्याशेजारी राहिलेला पांढरा टॉवेल अंघोळीनंतर तोंडाला लावून बघ. मी एकदा लसणीच्या पावडरसोबत गेलेल्या नाइटड्रेसचा निरोप ऐकलाय, बायरने लिहिलं होतं की माल उत्तम आहे पण आमच्या दुकानात लोक भूक लागली म्हणतायत. हसू आलं होतं पण डिस्काउंट द्यावा लागला.

आणि फुल डबा घेतलास की वरची १० सीबीएम जागा तुझी. ती रिकामी पाठवू नको. आजच बायरला लिही की भाडं भरलेली जागा शिल्लक आहे, नॅपकिन, हँड टॉवेल, थोड्या चादरी घालायच्या का, भाड्याचा वेगळा बोजा नाही. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक ओळखीचा टॅग) आहे, टेरी टॉवेललाही आहे, हे त्याला सांगायला हरकत नाही, विकताना उपयोगी पडतं. नाही घेतल्या तर निदान खोके कोसळणार नाहीत असं बांधून घे, अर्ध्या भरलेल्या डब्यात भिंत उभी करून भरलं की पहिल्या लाटेला भिंत पडते, त्यापेक्षा सगळ्या तळावर सारखी उंची ठेवून भर आणि दाराकडची फट एअर बॅगने बंद कर.

बरं, आता सासऱ्यांचा मुद्दा. ते चुकीचं बोलत नाहीयेत गं. फक्त त्यांना वाटतंय पाणी बाहेरून येतं, आणि तूही तेच विचारलंस, जहाजात माल भिजतो का. बाहेरून पाणी येतं, येत नाही असं नाही, छताला भोक असलं, दाराचं रबर फाटलं असलं की येतं. ते तपासणं सोपं आहे. रिकामा डबा आला की आत दोन माणसं उभी कर, दोन्ही दारं बाहेरून बंद करायला सांग आणि आत अंधारात वर बघा, जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथून पाणी येणार. दोन मिनिटांचं काम, मी स्वतः कित्येकदा आत उभी राहिलेय, उन्हाळ्यात जीव जातो. तेव्हाच वास घ्या, आणि तळाच्या लाकडी फळ्यांवर हात फिरवा, ओल लागली किंवा आधीच्या मालाचं धान्य, माती, तेल दिसलं तर डबा परत. ड्रायव्हर कुरकुर करेल, करू दे.

पण टॉवेल खराब करणारं पाणी बहुतेक वेळा तूच आत घालून पाठवतेस. ऐक. कापूस कोरडा दिसतो पण असतो का? ठरलेल्या प्रमाणित हवेत कापसात त्याच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी असतं, हे सगळ्या जगात मान्य झालेलं माप आहे, दोष नाही, कापसाचा स्वभाव आहे. तुझ्या २,६४६ किलो टॉवेलात म्हणजे दोनशे किलोच्या वर पाणी झालं. दोनशे लिटरचं ते निळं पिंप असतं बघ, तसं एक अख्खं पिंप भरून पाणी तू त्या डब्यात ठेवून दार बंद करणार आहेस, आणि पावसाळी दमट हवेत भरलंस तर त्याहून जास्त. वर पुठ्ठ्यातलं पाणी वेगळं.

आता हा डबा निघाला न्हावाशेव्याहून जुलैच्या दमट उकाड्यात. सिंगापूर किंवा कोलंबो किंवा पोर्ट क्लांगला बहुतेक उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवतील, विषुववृत्ताच्या आसपास उन्हात तापेल, तापलं की टॉवेलातलं पाणी वाफ होऊन डब्यातल्या हवेत येईल. आणि मग डबा जाणार मेलबर्नला, जिथे ऑगस्टमध्ये काय असतं? हिवाळा. आपल्या उलट. रात्री पत्रा गार पडतो आणि ती सगळी वाफ छताच्या आतल्या बाजूला थेंब होऊन लटकते आणि खोक्यांवर टपटपते, चहाच्या पातेल्यावरच्या झाकणासारखं. याला कंटेनर रेन म्हणतात. बाहेर एक थेंब पाऊस नसताना आत पाऊस. म्हणजे सासरे म्हणतात तो पावसाळा आहेच, फक्त तो डब्याच्या आत असतो.

माझी गोष्ट सांगते, यात चूक माझीच होती. भिवंडीच्या युनिटमधून कॉटनच्या मॅक्सी डर्बनला चालल्या होत्या, ऑगस्ट महिना, खोके पावसाळी गोडाऊनमध्ये दहा दिवस जमिनीवर पडलेले, खाली फळीसुद्धा नाही. भरायच्या दिवशी मी एका खोक्याच्या तळाला हात लावला तर गार लागला. ओला नाही, गार. कळलं होतं मला, पण ट्रक दारात उभा, कटऑफ (डबा बंदरात पोचवायची शेवटची वेळ) दुसऱ्या दिवशी, आणि मालक फोनवर, मी म्हटलं चालतंय. दीड महिन्याने फोटो आले. वरच्या थरातल्या प्रत्येक मॅक्सीवर खांद्यापाशी काळे ठिपके, मोहरी उधळल्यासारखे. बुरशीचा डाग कॉटनवरून नीट जात नाही, धुऊनही सावली राहते. आणि इन्शुरन्स? नाही मिळाला, त्याचं पुढे सांगते. तेव्हापासून कुठल्याही गोडाऊनमध्ये गेले की पहिला हात खोक्याच्या तळाला जातो, नवऱ्याने आणलेल्या आंब्याच्या पेटीलासुद्धा.

तर तुझ्यासाठी. टॉवेल ड्रायरमधून निघाला की गरम असतानाच पॉलिबॅगमध्ये घालतात ना तुमच्याकडे? सगळीकडे घालतात, काम पटापट उरकतं म्हणून. गरम टॉवेल पिशवीत गेला की आतून वाफ धरतो आणि ते पाणी तिथेच राहतं. रॅकवर पसरून पूर्ण गार होऊ दे मग पॅक कर, पिशवीला बारीक छिद्रं असू दे. हातात धरायचा ओलावा मोजायचा मीटर मिळतो, एक घेऊन ठेव, कायम उपयोगी पडेल, रोज सकाळी पाच टॉवेल आणि पाच खोके मोजून वहीत लिही, आणि आकडा साडेआठच्या वर सरकायला लागला की त्या दिवशी पॅकिंग बंद. कुणी हसलं तर हसू दे. पुठ्ठा ५ प्लायचा (पाच थरांचा) असेल तुमचा, ७ प्लायचा कर, कारण दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो आणि सहा खोके उंच रचले की सगळ्यात खालचा बसतो. नवीन खोके आल्याबरोबर फळ्यांवर ठेव, भिंतीला टेकवू नको. आणि डब्यात खोक्यांच्या वर क्राफ्ट पेपर अंथर, म्हणजे थेंब पडलाच तर कागद पिईल, आणि बाजूच्या खाचांमध्ये कॅल्शियम क्लोराइडच्या लांब पिशव्या लटकव, फॉरवर्डरला किंवा पॅकिंगवाल्याला सांगितलं की आणून देतात, किती लागतील ते विकणारा डब्याच्या मापावरून आणि प्रवासाच्या दिवसांवरून सांगतो. बुटाच्या खोक्यात असतात तसल्या सिलिका जेलच्या पुड्या प्रत्येक बॉक्समध्ये टाकून समाधान मानू नको, एका पिंपापुढे त्या चिमूटभर आहेत.

भरायचं कुठे? जमत असेल तर डबा सोलापूरला मागवून तुमच्याच दारात भर. रिकामा डबा चारशे किलोमीटर येणार आणि भरून तेवढाच परत, पैसे लागतात, पण सोलापूरची हवा न्हावाशेव्यापेक्षा कोरडी आणि सील तुझ्या डोळ्यासमोर लागतं. त्यासाठी कस्टम्सची फॅक्टरी स्टफिंगची परवानगी आणि ई-सील लागतं, सीएचए करून देतो, पण जुलैसाठी आत्ताच हलवावं लागेल. नाहीच झालं तर ट्रकने सीएफएसला पाठव, पण ताडपत्री एक नाही दोन, आणि बोरघाटात जुलैमध्ये काय पाऊस असतो ते तुला सांगायला नको. तिथे तुझा माणूस उभा हवा, धो धो पावसात उघड्यावर भरायला लागले तर थांबवणारा.

लाकडी पॅलेट नकोच, सरळ खोके भरले की झालं. लावलीच तर ट्रीटमेंट केलेली आणि आयएसपीएम १५ चा (लाकडातल्या किडीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय नियम) शिक्का असलेलीच हवी, ऑस्ट्रेलिया किडीच्या बाबतीत फार कडक आहे. त्यांना एक पॅकिंग डिक्लेरेशन लागतं, की आत पेंढा असलं काही नाही, लाकूड किंवा बांबू असेल तर ट्रीटमेंट केलेलं आहे आणि डबा स्वच्छ होता. एका पानाचा कागद, पण तो नसला की माल तिकडे अडकतो. फॉरवर्डरकडे नमुना असतो, माग.

डीडीपीला नाही म्हण. सरळ नाही. डीडीपी म्हणजे मेलबर्नच्या कस्टम्समध्ये आयात करणारी तू, ड्युटी तुझी, त्यांचा १० टक्के जीएसटी तुझा, आणि माल अडकला तर डेमरेज (डबा बंदरात पडून राहिल्याचा आकार) पण तुझं, आणि तू बसलीस सोलापुरात. बायरला डीडीपी हवं असतं कारण त्याला डोकेदुखी नको, ठीक आहे, त्याला तू दुसरं काहीतरी दे. भारत-ऑस्ट्रेलिया करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे, त्यात आपल्या कापडावरची ५ टक्के ड्युटी गेली. पण आपोआप जात नाही, तुला त्या कराराखालचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन काढून द्यावं लागतं, डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) पोर्टलवरून निघतं. टॉवेलचा कोड ६३०२.६०, कॉटन टेरीचा, इनव्हॉइस, शिपिंग बिल (कस्टम्सकडे भरायचा निर्यातीचा कागद), सर्टिफिकेट तिन्हीकडे तोच. हे त्याला लिही, की डीडीपी जमणार नाही पण तुझी ड्युटी शून्य करणारा कागद मी देते. मला नाही वाटत तो पुढे वाद घालेल.

मग रेट कुठला द्यायचा? आपल्याकडे सगळे एफओबी (जहाजाचं भाडं बायरचं) नाहीतर सीआयएफ लिहितात. खरं तर डब्यातल्या मालाला एफसीए आणि सीआयपी जास्त योग्य, त्यात डबा वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तुझी जोखीम संपते (सीआयपीत भाडं आणि विमा तुझा, एफसीएत बायरचं), कारण एफओबी आणि सीआयएफ दोन्हीत माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम तुझी, आणि डबा त्याआधी चार-पाच दिवस यार्डात पडलेला असतो जिथे तुझं काही चालत नाही. बायर तयार असेल तर सीआयपी मेलबर्न लिही. नसेल तर सीआयएफ, पण एक लक्षात ठेव, सीआयएफमध्ये नियमाप्रमाणे सगळ्यात कमी दर्जाचा विमा काढला तरी चालतो, त्याला क्लॉज सी म्हणतात, त्यात चोरी नाही, पावसाचं पाणी नाही, म्हणजे कापडवाल्याच्या काही कामाचा नाही. तू क्लॉज ए माग, सीआयएफ किमतीच्या ११० टक्क्यांचा, प्रीमियमचा फरक किती थोडा असतो ते ऐकलंस तर तुलाच आश्चर्य वाटेल.

पण क्लॉज ए म्हणजे सगळं मिळतं असंही नाही, मला इथेच फटका बसला होता. त्यात मालाचा स्वतःचा दोष आणि अपुरं पॅकिंग वगळलेलं असतं. डर्बनच्या वेळी सर्व्हेअर आला, डब्याला भोक नाही, रबर ठीक, म्हणजे पाणी बाहेरून आलेलं नाही, म्हणजे मालातूनच आलं. संपला विषय. म्हणून ती मीटरच्या आकड्यांची वही आणि उजेड तपासतानाचे फोटो, दार बंद करतानाचे, सील नंबरचे फोटो, तारखेसकट, जपून ठेव, भांडायची वेळ आली तर हातात तेच असतं.

आणि काहीजण म्हणतात ना, इतकी जहाजं जातात, विमा कशाला, त्यांना सांग की २०२५ च्या मे महिन्यात एमएससी एल्सा ३ आपल्या केरळच्या किनाऱ्याजवळ ६४० कंटेनर घेऊन बुडालं. बुडायचीही गरज नाही. २०२१ च्या मार्चमध्ये सुवेझमध्ये एव्हर गिव्हन अडकलं, नंतर जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, म्हणजे जहाज सोडवायचा खर्च जहाजातल्या सगळ्या मालवाल्यांनी वाटून घ्यायचा, तुमच्या खोक्याला ओरखडा नसला तरी. विमा असला की त्या वाट्याची हमी विमा कंपनी देते, नसला की स्वतःचे पैसे भरल्याशिवाय माल सुटत नाही.

पैशाचं. ३० टक्के आलेत, बाकी बीएलच्या कॉपीवर, हे चालेल, पण कॉपी म्हणजे कॉपीच. ओरिजिनल बीएलच्या तिन्ही प्रती तुझ्या कपाटात राहिल्या पाहिजेत, कन्साइनी म्हणून बायरचं नाव सरळ न टाकता "टू ऑर्डर" लिहून घे, म्हणजे तू सही करून दिल्याशिवाय माल त्याचा होत नाही. बायर गोड बोलून म्हणेल की कुरिअरला वेळ लागतो, टेलेक्स रिलीज करा, म्हणजे ओरिजिनल इकडेच जमा करून तिकडे माल सोडायचा. पैसे बँकेत दिसेपर्यंत करायचं नाही. तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, पण सत्तर टक्के रक्कम आहे. हवं तर बँकेतून डीपीवर (बायरने पैसे भरल्यावरच त्याची बँक कागद देते) कागद पाठव, आणि बायरने पैसे बुडवले तर म्हणून ईसीजीसीचं कव्हर विचारून ठेव, ही सरकारी कंपनी याच कामासाठी आहे.

बाकीचे कागद तुझा सीएचए बघेल, फार सांगत बसत नाही. आयईसी (आयात-निर्यातीचा नंबर) काढलं असशील, बँकेचा एडी कोड (परकीय चलन घेणाऱ्या तुझ्या बँकेचा नंबर) न्हावाशेव्याला रजिस्टर झालाय का बघ, जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र) या आर्थिक वर्षाचं भरलंय का बघ, नाहीतर आधी आयजीएसटी भरून मग परताव्याची वाट बघत बसशील. टेक्सप्रोसिलचं (सुती कापड निर्यातदारांची परिषद) सदस्यत्व घेऊन ठेव. ड्रॉबॅकचा (निर्यातीवर परत मिळणारी ड्युटी) दावा शिपिंग बिल भरतानाच टाकायला सांग, राहून गेला की मागून दुरुस्ती म्हणजे चपला झिजतात. फुल डबा असल्याने भरलेल्या डब्याचं वजन, व्हीजीएम, तुला द्यावं लागेल, ते काट्यावर करूनच दे. टॉवेलला धुण्याच्या सूचनांचं इंग्रजी लेबल शिवलेलं हवं, ऑस्ट्रेलियात ते सक्तीचं आहे, मजकूर बायरकडून लेखी मंजूर करून घे, ६,००० लेबलं उसवायची वेळ येऊ देऊ नको. जहाज साधारण महिनाभर धरून चाल, बायरला त्याहून कमी सांगू नको, मधल्या बंदरात डबा आठ दिवस बसून राहिला तर तू खोटी पडायला नको.

सासऱ्यांना काय सांगशील? मला विचारशील तर त्यांच्याशी वाद घालू नको. तो मुंबईचा व्यापारी जे मार्जिन घ्यायचा ते हे सगळं वर लिहिलेलं स्वतःच्या डोक्यावर घ्यायचे पैसे होते, फुकट खात नव्हता. तुला ते मार्जिन हवंय तर ते डोकंही तुलाच लावावं लागेल. आणि खरं सांगू का, टॉवेल वाळलाय की नाही ते मीटरच्या आधी सासऱ्यांच्या हाताला कळेल, इतकी वर्षं मागावर घालवलेला माणूस आहे, त्यांना पॅकिंगच्या टेबलाशी बसव आणि सांग की तुम्ही हो म्हणाल तोच टॉवेल पिशवीत जाईल. पावसाळ्यात कापूस समुद्राने पाठवू नये म्हणणाऱ्या माणसाइतका चांगला तपासनीस तुला पैसे देऊन मिळणार नाही.

तोपर्यंत या आठवड्यात एवढंच कर, एक बॉक्स ३६ चा भर, वर पाच रच, रात्रभर ठेव, आणि सकाळी फुगवट्यावर टेप लावून जे माप येईल ते मला कळव. उंची ४२ सेंटिमीटरच्या वर गेली तर घडी बदलून बघू, लांबीत तीन घड्या घालून रोल करायची एक पद्धत आहे, ती फोटो काढून पाठवते.